सापडला

लेम्पी हार्जूनं तो टेबलावर सोडला
आणि टेबलाच्या एका पायानं हुंकार दिला.
"दाराला लावायचे," म्हणाली,
"पस्तीस वर्षं. तळ्यावरून वारा सुटला की
ओसरीचं दार आपटतं."

काळा, बेढब, दोन मुठींएवढा.
एका कुशीला गुलाबी बुरशी धरल्यासारखी.
कोबाल्ट गावात हा रंग शाळकरी पोरंही ओळखतात:
आर्सेनिक आलं, कोबाल्ट आलं,
आणि नशीब बरं असेल तर तिसरं.

मी आधी काही बोलत नाही.
बोललं की भाव ठरायला लागतो.
हातोडीनं कोपरा टिचकावला
तशी करपलेल्या लसणीची वाफ आली,
खिडकी उघडली. मार्चचं बर्फ आत डोकावलं.
तांब्याच्या सुईनं ओरखडा काढला:
काळ्याखाली पांढरं,
कोवळं, दुधाच्या दातासारखं.

मग तराजू. हवेत चार किलो तीनशे.
दोरीला बांधून बादलीत सोडला,
पाण्यानं त्याचे सातशे ग्रॅमच घेतले.
साधा दगड दीड किलोनं हलका झाला असता.
मी पुन्हा मोजलं. तिनं घड्याळ पाहिलं.

"अर्ध्याहून जास्त चांदी आहे, बाई.
वितळवणाऱ्याकडे न्याल तर तो वजनाचा पैसा देईल.
कस लावायचा तर करवत फिरवावी लागेल,
आणि कापलेल्याला हौशी लोक हात लावत नाहीत.
अख्खा ठेवलात तर मी घेतो.
माझा भाव त्याच्या दुप्पट.
फक्त एक."

ही माझ्या धंद्यातली नाजूक जागा आहे.
दगडाखाली चिठ्ठी लागते:
कुठली खाण, कितवी पातळी, कुठलं साल.
चिठ्ठीवाचून दगड अनाथ असतो,
आणि अनाथाला कुणी पुरा भाव देत नाही.

"कुठं सापडला?"

तिनं हातमोजे काढले.
एक बोट, मग दुसरं, सावकाश.
या गावात त्या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे:
रस्त्याकडेला. गटार खणताना. कुत्र्यानं उकरला.
माझ्या वहीत अशी चाळीस कुत्री आहेत.
मी पेन उचललं, र लिहिला,
तिला वाचवतोय असं मला वाटलं.

"खोडा तो," लेम्पी म्हणाली.
"खालून तिसरी पातळी. पूर्वेची शीर.
शहाऐंशीचा नोव्हेंबर.
ओइवाच्या जेवणाच्या डब्यातून, राईच्या पावाखाली.
फाटकावर पहारेकरी होता, त्यानं डबा उचललाही.
'बायको जड स्वयंपाक करते,' ओइवा म्हणाला.
तो हसला. मी कधीच हसले नाही."

कंपनी बुडाली त्याला तीस वर्षं झाली.
फिर्याद करायला आता पहारेकरीही उरला नाही.
तरी माझं पेन थांबलं.

"चोरी लिहायची तर लिहा," ती म्हणाली,
"पण सापडला हेही लिहा.
शंभर माणसं त्या शिरेवरून बूट घासत गेली,
ओळखला एकानं.
त्याच्या फुफ्फुसात जी धूळ गेली
ती परत मागायला कंपनी आली नव्हती.
आणि भाव पुरा द्या.
अर्धं खरं सांगून मी अर्धा घेणार नाही."

मी लिहिलं. शाई थोडी पसरली.
नोटा तिनं मोजल्या नाहीत,
पाकिटाचं वजन पाहिलं, तळव्यावर.

जाताना माझ्या अंगणातल्या ढिगाशी थांबली,
जिथं मी फुकटचे दगड टाकतो.
एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला.
तिसरा दोन्ही हातांनी छातीशी धरला,
डोळे मिटले, मान हलवली.

"याचे किती?"

मी बघितलं. नुसता काळा खडक,
कसही नाही, नावही नाही.
"काही नाही," मी म्हटलं.

"तसं कसं," म्हणाली, आणि पाकिटातनं
पाच डॉलरची नोट माझ्या कुंपणाच्या तारेला खोचली.
"आज रात्री वारा आहे."