चौदा हजार सातशे

पाकीट देतानाच कुमुदआत्या म्हणाली,
एवढ्यात बसव. उरले तर परत दे,
कमी पडले तर मला सांगू नकोस.
नोटा माझ्यासमोर मोजल्या तिने,
दर पाचव्या नोटेला बोट बाजूला टेकवत,
जिथे कधीकाळी ओला स्पंज असायचा.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छापून आलेले ताव ती उजेडाला धरायची.
शाई फुटली, रेघ सरकली,
केसाएवढं काही दिसलं की
बाद.
आता जेल रोडच्या दुसऱ्या मजल्यावर
पेन्शनची स्लिप शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावी लागते,
आणि ते पोरगं मधेच मोबाईल बघतं.
"त्यात अक्षर मोठं होतं म्हणे. किती?"
हवं तेवढं, म्हटलं.
"मग आण."

एम. जी. रोडवर माझे तीन शनिवार गेले.
प्रोसेसर कुठल्याशा ऑफिसातून सुटलेला,
रॅम आठ जीबी, दीडशे रुपयांसाठी पाऊण तास हुज्जत.
ग्राफिक कार्ड घ्या म्हणाला दुकानदार,
मी विचारलं, कशाला, भिंग हवंय फक्त.
पॉवर सप्लाय मात्र नवा घेतला,
तिच्याकडची वीज मला माहीत आहे.
मॉनिटर कॉलेज रोडच्या बंद सायबर कॅफेतला,
पाठीवर अजून चिकटलेलं: केबिन ४.
सगळं द्राक्षांच्या खोक्यात घालून
बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो.
कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं काढू का?

शिलाई मशीनचं डोकं काढून
तिने टेबल रिकामं करून ठेवलं होतं.
डिसेंबर होता, स्क्रू बर्फासारखे.
एक निसटला, फरशीवर टिणटिण करत कपाटाखाली गेला.
मी गुडघ्यांवर आलो, तोवर ती
टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक घेऊन आली.
पेस्ट मी वाटाण्याएवढी लावली,
ती म्हणाली, एवढीच? मी म्हटलं, एवढीच.
तिने मान हलवली, जशी फोडणीत मीठ कमी पडल्यावर हलवते.

बटण दाबलं. पंखा फिरला.
पडदा काळा.
मी घामाघूम, त्या थंडीत.
केबल बदलली, प्लग बदलला,
मनातल्या मनात दुकानदाराच्या सात पिढ्या मोजल्या.
आत्या खुर्चीतून म्हणाली,
"काहीतरी नीट बसलं नसेल रे.
आमच्याकडे मशीन अडलं की आधी तेच बघायचे."
रॅम दाबली. कट्.
उजेड तिच्या चष्म्यावर आला.

पहिली पाच मिनिटं तिने कशालाच हात लावला नाही.
पडदा वरून खाली, डावीकडून उजवीकडे
नजरेने विंचरला, मग बोट ठेवलं:
"हा एक ठिपका मेलाय."
मला दिसेना. नाक लावलं तेव्हा दिसला,
खसखशीहून लहान.
बदलून आणतो, म्हटलं, केबिन चारचा आहे, घेतील परत.
"राहू दे," ती म्हणाली,
"नोकरीत असते तर बाद केला असता."

मग तिची स्लिप उघडून दिली.
चाक फिरवून अक्षर मोठं करायचं, असं.
ती करत गेली. मोठं. आणखी मोठं.
एका बाजूला पंखा घरघरतोय,
आणि खाली तिचे पाय नकळत
मशीनचा पायटा मारताहेत, पट्टा नसलेला.
नावाशी येऊन थांबले पाय.

कुमूद.

"मू दीर्घ," ती म्हणाली.
"सहा वर्षं माझं नाव चुकीचं छापतायत,
आणि ते पोरगं बरोबर वाचत होतं."

साठ रुपये उरलेले मी टेबलावर ठेवले.
तिने ते बघितलेही नाहीत.
"पत्र कुठे लिहायचं यात?
आणि ऱ्हस्व उकार कुठल्या बटणावर आहे, तो आधी दाखव."