परिच्छेद सात

वेर्ण्याच्या पठारावर चारच्या सुमाराला
ऊन थेट कीबोर्डवर येतं.
मी पडदा ओढते
आणि ‘नष्ट’ हा शब्द खोडते.

नष्ट काही झालेलं नाही.
कुडतरीच्या पतसंस्थेतल्या त्या संगणकानं
फाइलचं नाव यादीतून काढलं, एवढंच;
लग्नानंतर रेशनकार्डावरून लेकीचं काढतात तसं.
म्हणून काय लेक नसते?

‘पुसली’ लिहू?
पुसली म्हटलं की फडकं दिसतं,
फडक्यामागे हात,
आणि हात मला डिस्कवर सापडलेला नाही.

हे मी मडगावच्या कोर्टात शिकले.
‘आरोपीने फाइल उघडली,’ असं लिहिलं होतं तेव्हा.
वकील फुर्तादो चष्मा पुसत, अगदी मायेनं म्हणाले,
‘बाय, तूं थंय आशिल्लें?’
नव्हते.
तेव्हापासून माझ्या वाक्यांत माणसं फिरकत नाहीत.
‘सेबी’ नावाच्या खात्यातून उघडली गेली.
खातं सेबीचं. बोटं कुणाची,
तो परिच्छेद माझा नव्हे.

वेळ, दोन वाजून दहा मिनिटं.
पोलिसांच्या कागदावर तिची ‘मध्यरात्र’ झालीय.
रात्र लिहिली की चोर आपोआप आत येतो.
पण हे घड्याळ ग्रिनिचचं.
साडेपाच तास मिळवा:
सात चाळीस.
पोदेराचा भोंपू वाजतोय,
झाडूवाली शटर वर करतेय,
किल्ल्या तिघांकडे.
आणि सेबी त्या एका शब्दापायी
तीन महिने कोलवाळच्या तुरुंगात.

आता ती जागा, जिथे फाइल सापडली.
‘मोकळी’ म्हणवत नाही.
पुरावे सांभाळणारा पुरसो चोडणचा.
‘पडीक म्हण,’ तो म्हणतो,
‘बांध फुटून खाजन पडीक पडलं
म्हणून रिकामं होतं का?
खेकडे असतात. ओहोटीला जुन्या मेरा दिसतात.’

पडीक.
लिहून बघते. सुंदर आहे,
म्हणूनच खोडते.
न्यायाधीशबाईंना चिखल दिसेल, फाइल दिसणार नाही.

‘सध्या कोणत्याही फाइलच्या नावे नोंद नसलेला,
परंतु पूर्वीचा मजकूर शिल्लक असलेला भाग.’
लांब आहे, बोजड आहे,
उलटतपासणीत उभं राहील.

पाकिटावर लाख ओतता ओतता पुरसो वाचतो.
‘आणि खाजन गेलं कुठे?’

आहे की.
नाव तेवढं काढलंय.