चावा

अँप एवढासा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याएवढा.
पाच वॉट, आठ इंची स्पीकर, आत काचेच्या दोन नळ्या.
बटण दाबलं की लगेच बोलत नाही.
आधी तापतो, वात धरल्यासारखा नारिंगी होतो,
मग घसा खाकरतो.

त्याचा खरा आवाज नॉब सातच्या पुढे.
तिथे तो फाटतो, आणि फाटताना गोड होतो.
हे एकदाच कळलं,
सगळा मजला कर्जतला लग्नाला गेला होता तेव्हा.
एरवी नायगावात आमची भिंत एका विटेची.
पलीकडे केईएमच्या कुमुदिनी सिस्टर,
रात्रपाळी करून दिवसा झोपतात.
त्या सातला निघाल्या
की दुसऱ्या भिंतीला दहावीचा मुलगा अभ्यासाला बसतो.
सहा ते सात माझा तास, सिस्टरांच्या अर्धवट झोपेतला.
नॉब तीन. तीनच्या वर माणुसकी नाही.

म्हणून पेडल. लहान आवाजात फाटायची सोय.

लॅमिंग्टन रोडला जिन्याखाली तुस्कानोचं दुकान.
वसईचा इग्नेस, सोल्डरची तार दातांत धरूनच बोलतो.
"एकच हवंय? सगळ्याला चालणारं?"
"एकच. ब्लूजला, रॉकला, नुसतं छेडत बसायला."
"म्हणजे लग्नाला आणि मयताला एकच शर्ट."
तीन खोकी पिशवीत घातली.
"शनिवारपर्यंत. ओरखडा नको."

मी दात करतो. परळच्या लॅबमध्ये,
मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या.
कवळी चांगली कधी?
ती कवळी आहे हे कुणाला कळत नाही तेव्हा.
तीस वर्षांत शिकलो एवढंच,
आणि सोमवारी तेही विसरलो.

सोमवारी निळं. खर्ज इतका
की आठ इंची कागद बिचारा
ओल्या गोणपाटासारखा थपथपला.
मंगळवारी हिरवं. बुधवारीही हिरवंच, कारण आवडलं होतं:
एकेक सूर टाचणीसारखा वर येत होता.
पण कॉर्ड धरली की सगळं नाकातून,
आणि माझी गिटार कुणाचीही गिटार.

गुरुवारी राखाडी. इग्नेसने स्वतः बनवलेलं,
नाव नाही, नॉबांवर स्केचपेनच्या रेघा.
गेन वाढवला, तर काही खास नाही.
परत खोक्यात घालणार होतो.
मग कंटाळ्याने गेन शून्यावर आणला,
लेव्हल पूर्ण उघडली,
आणि तीनवरचा अँप
सातवरच्यासारखा फाटू लागला.
पेडलचं स्वतःचं म्हणणं जवळपास काहीच नाही.
नुसतं मागून ढकलतं: बोल, तूच बोल.
गिटारचा नॉब पाचवर घेतला, तर पाणी.
दहावर, तर चावा.
नखाने छेडलं की वेगळा, बोटाच्या मांसाने वेगळा.

शुक्रवारी पावणेसातला दार वाजलं.
सिस्टर, ड्यूटीची पिशवी खांद्याला.
मी माफीचं वाक्य तयार ठेवलेलं.
"कालचं कुठलं होतं?"
"का, त्रास झाला?"
"सोमवारी मला वाटलं पाण्याची मोटर गेली.
मग दोन दिवस कुणाला तरी सर्दी.
काल तुमची बोटं ऐकू आली."
चप्पल सरळ करत म्हणाल्या,
"भिंतीतून येतं तेवढंच खरं.
वॉर्डातही पडद्यामागचं कण्हणं ऐकूनच
कळतं, कितपत दुखतंय ते."
जिन्यावरून पुन्हा,
"आणि एका जागी तीनदा चुकलात. तीच जागा."

शनिवारी दोन परत केली.
इग्नेसने तार दातांतून काढली, पैसे मोजले,
कुठलं ठेवलं ते विचारलंच नाही.

ती जागा अजून चुकते.
आता सहाला, पेडलवर पाय ठेवण्याआधी,
भिंतीवर मी दोनदा टकटक करतो.
पलीकडून एक आली, तर वाजवायचं.
काहीच आलं नाही
तर नळ्या तेवढ्या तापवतो,
आणि दिवा न लावता बघत बसतो.