दहा नंबरचा पाना

पहिली आली ती पंच्याऐंशीच्या मे महिन्यात.
वामनशेठ झोप्यांची, पांढरी.
सावद्याच्या स्टेशन रस्त्याला केळीच्या ट्रकांमधून अशी निघाली
की ट्रकवाल्यांनी हॉर्न द्यायचं सोडून
खाली वाकून पाहिलं.
बारा इंची चाकं. कुणीतरी म्हणालं, साबणदाणी.
गॅरेजसमोर थांबली तेव्हा
आधी काठी उतरली, मग पाय, मग शेठ.

तोवर माझ्या बाचे पाने सुताचे.
तीन सूत, चार सूत, पाच सूत.
जीपा, अँबेसेडर त्याच्या हाताखालून गेलेल्या.
हिला एकही बसेना.
भुसावळहून नवा सेट आणला :
दहा, बारा, चौदा, सतरा.
लुकमान तडवी दुकानदाराशी भांडून आला,
मधला तेरा चोरला म्हणून.
दुकानदार म्हणाला, मिस्त्री, जपान्यांना तेरा लागत नाही.

त्याच आठवड्यात ती रावेरहून येताना तापली.
बाने टोपण फिरवलं.
उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला.
बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या वर,
एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली होती, जपानी अक्षरांची.
बाने डाव्या हाताने, ऑइलपेंटने,
ती तशीच्या तशी भिंतीवर उतरवली, ७८६ च्या खाली.
का, ते सांगितलं नाही.
गिऱ्हाईकं मंत्र समजायची.
निंभोऱ्याचा एक माणूस तिथे नारळ ठेवून गेला.

दुसरीचं नाक लांबलं, पाठ उतरती झाली.
फैजपूरच्या फिरके डॉक्टरीणबाईंची, राखाडी.
रात्री यावलकडे बाळंतपणाला निघायची,
मागच्या सीटवर स्टोव्ह आणि पातेलं.
थंडीत चोक ओढून बसायच्या बाई, तोंडाने काहीतरी पुटपुटत.
त्या गाडीवर बाने मला ऐकायला शिकवलं.
"आत तीन भाऊ हायेत. कान लाव.
एक रुसला का बाकीचे दोघं लंगडतात.
कोन्ता रुसला, ते सांग मले."
मी नेहमी मधला सांगायचो.

शनिवारी शहाणी माणसं म्हणायची,
मिस्त्री, मारुतीला तेल घातलं का?
बा दर शनिवारी तेवढंच हसायचा.

तिसरी ड्रायव्हिंग क्लासची, डोक्यावर पाटी.
अर्धा तालुका तिच्यावर गाडी शिकला
आणि शिकता शिकता तिचे सात क्लच खाल्ले.
हिच्यात कार्बोरेटर नव्हता.
बा बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिला,
जसं कुणाच्या घरी जावं
आणि तिथे दुसरंच कुणी राहत असावं.
जुना कार्बोरेटर त्याने रॉकेलने धुतला,
बिलांवर ठेवला.
अजून तिथेच आहे. बिलं उडत नाहीत.

मग नाव बदललं, शेपटीला नवं नाव आलं.
स्टिअरिंग करंगळीने वळू लागलं.
पोरं माझ्याकडे स्कॅनर लावून कोड वाचतात,
भावांचं भांडण आकड्यात येतं.
बा तोवर गेला होता.

आणि परवा वामनशेठची नात आली, ऋजुता,
बिनक्लचची, निळी घेऊन.
पुण्यात कुठल्याशा कंपनीत जपानी बोलायची नोकरी.
चहा येईपर्यंत भिंतीकडे पाहत होती.
म्हणाली, अक्षर फार वाकडं आहे, काका,
दोन काने तर कुठल्याकुठे गेलेत,
पण लिहिलंय ते असं :
गरम असताना टोपण उघडू नये.

ती हसली. पोरं हसली.
मला बाचं मनगट दिसलं.
तिथे पुन्हा केस आले नाहीत,
आणि मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
तो भाग बाकीच्या हातापेक्षा गार लागायचा,
असं तो म्हणायचा.
मी कधी हात लावून पाहिला नाही.

"काका, एअर फिल्टर बघता ना?"
हो म्हणालो. तिथेही दहाचाच बोल्ट.
शेठच्या डबीपासून हिच्यापर्यंत दहाचाच.
खिसे चाचपले, बाकड्याखाली वाकलो,
पोरांवर ओरडलो.
दहाचा पाना
नेहमीसारखा
सापडत नव्हता.