पाव गोळी

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये हात घालताना
दोन मोजे लागतात, एकावर एक.
तरी बोटांना कळतंच.
पाषाणच्या या तळमजल्यावर नऊ वर्षं
मी माणसांना बारकोडने ओळखते.
नाव माझ्यापर्यंत येत नाही,
यायचंही नसतं.

त्या मंगळवारी ०४१७.
वय सहा. रक्ताचा कॅन्सर.
सगळी अक्षरं जागच्या जागी,
फक्त एका ठिकाणी सी हवा तिथे टी.
आणि दोन्ही प्रतींत:
एक आईकडून आलेला, एक बापाकडून.
मी पुन्हा रन लावला. पुन्हा तेच.
डॉक्टर मोघ्यांना फोन केला,
गोळी थांबवा.

थांबवलीच होती त्यांनी.
तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी नावापुरत्या,
अकरा दिवस आयसीयूत.
जे मी यंत्रावर वाचलं
ते त्याने आधीच भोगलं होतं.

समुपदेशक रजेवर, संमतीपत्रावर सही राहिलेली,
म्हणून रास्ता पेठेत मला जावं लागलं.
बाकावर भूदेवी यन्नम.
टिंबर मार्केटच्या मागे शर्टांना काज करते;
शेकड्याला किती मिळतात ते आधी सांगितलं,
मग विचारलं,
"बाई, शेजारच्या खाटेवरच्या मुलीला अख्खी गोळी.
आमच्या श्रीशैलला पाव, तीपण दिवसाआड.
आमचं पिवळं कार्ड म्हणून का?"

माझ्या पिशवीत आलेख होते. काढले नाहीत.
म्हटलं, त्याचं माप वेगळं आहे.
"माप," ती म्हणाली.
कपाळावरची आठी जराशी सैल झाली
आणि लगेच पुन्हा पडली.
"मग आधी का नाही घेतलं?
कापड कापल्यावर कुणी माप घेतं?"

काय सांगणार होते?
की तक्ते लांबच्या लोकांवर बेतले,
त्यांत भवानी पेठ नव्हती.
की तपासणी होती, कुणी लिहून दिली नव्हती.
की हे अक्षर आपल्याकडे तितकंसं दुर्मीळही नाही.
एवढंच म्हणाले: पुढच्या पोराचं आधी घेता यावं,
त्यासाठी ही सही.

"नाव दिसेल याचं?"
नाही. नंबर.
"म्हणजे त्या पोराला कळणारच नाही, कुणामुळे."
नाही कळणार.
ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिली.
मग पाचही पानांवर सही केली, तेलुगूत.
गोल गोल अक्षरं.
मी अक्षरं वाचून पोट भरते;
त्यातलं एकही मला लागलं नाही.

नर्सने तिला हातमोजे दिले, गोळी कापायचं यंत्र दिलं.
तिने यंत्र बाजूला सारलं, पातं मागितलं.
दोन घाव, चार तुकडे,
कागदावर भुगाही सांडला नाही.

संध्याकाळी संगणकावर ०४१७ उघडलं.
शेऱ्याच्या रकान्यात वीस अक्षरं मावतात.
लिहिलं: माप उशिरा घेतलं.
मग पुसलं.
तिथे फक्त डोस भरायचा असतो.
भरला.