अन्यत्र

सुपरिंटेंडंट साहेब,
यंदाही माझा वार्षिक अहवाल जुळत नाही.
दफनभूमीत क्रूस एकोणतीस,
मी स्वतः मोजले, गवत कापून;
आणि मृतांच्या वहीत नावं एकशे बारा.

जास्तीची त्र्याऐंशी एकाच सालातली. सेहेचाळीस.
त्या वर्षी इथे कुठलीच साथ नव्हती.
अक्षर एकच: रेव्हरंड शांतवन मर्चंडे.

त्यांना पाहिलेली दोन माणसं अजून गावात आहेत.
एकाला ऐकू येत नाही, तोच जास्त सांगतो.
म्हणतो, ओहोटीला खाडी चालत ओलांडायचे,
चपला हातात, वहाणभर चिखल पायाला,
तरीचा आणा वाचवून दिव्याला रॉकेल.
हर्णैला लिलावाची वेळ झाली की
टोपल्या घेऊन अर्धी मंडळी उठायची,
म्हणून आशीर्वाद आधी द्यायचे,
उपदेश मागाहून, उरलेल्यांना.

मग लढाई. खाकी कोट, दोन पट्ट्या,
इटलीत कुठेसा इस्पितळाचा तंबू.
तिथे बाणकोटापासून जयगडापर्यंतची बोली
कळणारा माणूस हा एकच,
म्हणून हिंदू असो, मुसलमान असो,
मरणाऱ्याच्या उशाशी यांनाच बोलावणं.
रात्री कंदील गुडघ्यात धरून घरी पत्र:
शेवटी त्यांना यातना झाल्या नाहीत.

परत आले आणि पत्त्यांवर चालू लागले.

लाडघरला मैनाबाई शिगवण खळ्यात रातांबे फोडत होती,
हात मनगटापर्यंत लाल.
तिने आतून दोन कागद आणले,
एक तिचा, एक शेजारच्या हसीनाबीचा.
"मास्तरानं दोन्ही वाचून दाखवलान.
दोन्हीत तोच शब्द.
पाद्रीबाबा, दोन घरची दोन पोरां
इतकी सारखी मरतात?"

ते खाली बसले. बराच वेळ
माडावरून कुणीतरी झावळ्या टाकत होतं, तेवढाच आवाज.
मग म्हणाले, तीन रात्री लागल्या.
पोटात गोळी होती. पाणी द्यायला मनाई होती.
तिसऱ्या रात्री मला बाबा म्हणून हाक मारली त्याने,
आणि मी ओ दिली.

ती काही बोलली नाही.
रातांब्यांची एक पाटी त्यांच्याकडे सरकवली.
दिवस कलेपर्यंत दोघं फोडत बसली,
बिया एकीकडे, सालं एकीकडे.

त्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला धरलेले हात
सगळ्यांनी पाहिले. कुणी विचारलं नाही.

पावसाळ्याआधी सगळी घरं त्यांनी पुन्हा केली,
पहिल्यांदा जिथे ते वाक्य ठेवून आले होते तीसुद्धा.
दोन ठिकाणी दार लावून घेतलं.
एका बापाने दगड उचलला, मग त्यावरच बसला.
घरी येऊन ते वहीत लिहायचे:
नाव, गाव, कारण, खरं कारण.
धर्माचा रकाना कोरा.
दफनाची जागा: अन्यत्र.
अन्यत्र, अन्यत्र, अन्यत्र, चार पानं.
एका ओळीवर शाई फुटलीय, तिथे नाव लागत नाही.

त्यांची स्वतःची नोंद बाहत्तर साली,
दुसऱ्याच कुणाच्या हातची.
मर्चंडेमधला र गाळलेला,
कारण: म्हातारपण.

नियम मला ठाऊक आहे. वहीत फक्त सभासद.
एकदा पेन्सिल घेऊन बसलोही होतो.
पहिलंच नाव तुकाराम शिगवण, वय एकोणीस.
पेन्सिल मुलांच्या शाळेत देऊन टाकली.

तेव्हा अहवालात एकोणतीस आणि एकशे बारा
दोन्ही आकडे तसेच पाठवतो आहे.
आपण योग्य तो शेरा मारावा.

शिवाय एक विनंती.
कपाटाच्या खालच्या फळीला वाळवी लागलीय,
वहीपासून चार बोटांवर आहे.
पत्र्याची पेटी दापोलीच्या बाजारात मिळते.
तेवढे पैसे मंजूर व्हावेत.