चौथऱ्याची उंची

न्सांजेच्या दवाखान्यात मी आराखडा पसरला :
सौर फ्रिज इथे, चौथरा तीन फूट,
मंजुरी ब्लँटायरहून आलेली.

एस्नार्ट सुईण काही बोलली नाही.
स्टुलावर चढली,
कोळशाने भिंतीवर रेघ ओढली
माझ्या डोक्याच्याही वर.

"शिरे नदी इथवर आली होती.
लसींचा डबा पोटाशी धरून
मी त्या तुळईवर दोन रात्री काढल्या.
बर्फ वितळला तो माझ्या मांडीवर."

मी तीनवर काट मारली, सात लिहिले.
सात म्हणजे मग पायऱ्या आल्या.
पायऱ्यांना रकाना नव्हता.

बाहेर बायका विटा उतरवत होत्या.
कुणीतरी आत डोकावून विचारलं, किती थर?
मी कागद चाळू लागलो.
एस्नार्टने
रेघेकडे बोट केलं.